सखल आकाशातील रहदारी : रेडीच्या किनाऱ्यावर ड्रोन चालविणारांकरिता

काजूला पालवी फुटली की ढेकण्या येतो, मोहोर आला की पुन्हा येतो, आणि बी धरू लागले तरी त्याचा उपद्रव सुटत नाही. वेंगुर्ले तालुक्यातील बागाइतदारांस हे नव्याने सांगावयास नको. फवारण्या वेळेवर झाल्या तर पीक हाती लागते. परंतु डोंगरउतारावरील कलमांतून पाठीवर पंप घेऊन फिरणारा गडी आज वेळेवर मिळत नाही, आणि मिळालाच तर औषधाचा बराचसा भाग त्याच्याच अंगावर पडतो. अशा स्थितीत आकाशातून फवारणी करणाऱ्या ड्रोन यंत्राकडे लोकांचे लक्ष वळावे, यात नवल नाही. सरकारचाही त्यास पाठिंबा आहे. महिला बचत गटांस १५,००० ड्रोन देण्याची योजना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. तीत यंत्राच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, परंतु ८ लाख रुपयांहून अधिक नाही, असे साहाय्य ठरविण्यात आले.

ह्या यंत्राने औषध कसे मारावे, थेंब किती बारीक असावा, पाणी किती घालावे, ह्यांविषयी पुष्कळ लिहून येते. आम्ही आज निराळ्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मांगरापासून कलमापर्यंत आणि कलमापासून परत मांगरापर्यंत हे यंत्र ज्या पोकळीतून जाते ती पोकळी रिकामी नाही. तीत दुसरेही फिरतात, आणि त्या सर्वांची आपापसांत गाठ पडू नये म्हणून वर बसून पाहणारा तेथे कोणी नाही. विमानतळावर मनोरा असतो व त्यातील अधिकारी प्रत्येक विमानास केव्हा उतरावे, केव्हा थांबावे हे सांगतो. रेडीच्या सड्यावर असा मनोरा नाही. तेव्हा ही व्यवस्था प्रथम ज्याची त्याने आणि पुढे सर्व गावाने मिळून करावयाची आहे.

ह्या सखल आकाशात कोण कोण आहे ते पाहू. शेतकऱ्याचा फवारणीचा ड्रोन तर आहेच. औषधाने भरलेले असे यंत्र बहुधा २५ किलोच्या आत बसविलेले असते, कारण नियमांतील 'लघु' वर्गाची मर्यादा तेथे संपते. हे पिकाच्या माथ्यावरून दोनतीन मीटर उंचीने जाते. दुसरा ड्रोन सरकारी मोजणीचा. स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे नकाशे ड्रोनने काढण्याचे काम एप्रिल २०२० पासून देशभर सुरू झाले. आपल्या राज्यात तर त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी त्याचा प्रयोग झालेला होता. तिसरा खाणीचा. रेडीच्या लोहखनिजाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. मोठ्या खाणींची मोजणी ड्रोनने करून तिची चित्रे सरकारास सादर करावीत असा नियम २०२१ मध्ये झाला. चौथा मत्स्यव्यवसाय खात्याचा. बेकायदा मासेमारीवर नजर ठेवण्याकरिता राज्याच्या सागरी जिल्ह्यांत ड्रोनची गस्त ९ जानेवारी २०२५ रोजी सुरू करण्यात आली. पाचवा, आणि आमच्या मते सर्वांत अनिश्चित, तो हौशी प्रवाशाचा. यशवंतगडाची तटबंदी, तेरेखोलचा किल्ला, खाडीचे मुख, शिरोड्याची वाळू, ह्यांचे चित्र वरून घ्यावे असे पाहुण्यास वाटते. तो कोणास विचारीत नाही, कारण कोणास विचारावयाचे हेच त्यास माहीत नसते. ह्यांखेरीज माणसे बसलेली हेलिकॉप्टरे आहेत, आणि घारी व समुद्रगरुड हे तर तेथील मूळचेच रहिवासी होत.

आता ह्या सर्वांची वेळ पाहा. आपल्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा मंदावतो व खारा वारा सुरू व्हावयाचा असतो. त्या दोन वाऱ्यांच्या मधली घटका फवारणीस उत्तम, कारण औषध शेजाऱ्याच्या आगरात वाहून जात नाही. पाहुण्यास तीच घटका पाहिजे, कारण ऊन कोवळे असते. रात्रीच्या होड्या किनाऱ्यास लागण्याची आणि रापणीची माणसे वाळूत उतरण्याचीही वेळ बहुधा तीच. मोजणीवाल्यासही वारा नको असतो. म्हणजे दिवसाचे बारा तास आकाश मोकळे असून सर्वांची गर्दी सकाळच्या दोन तासांत होते. आकाश केवढे विशाल, त्यात दोन चिमुकली यंत्रे एकमेकांस कशी भेटणार, असे म्हणणाराने हा हिशेब करावा. शंभर गाड्यांस रस्ता मोठा असतो. परंतु त्या शंभरही गाड्या एकाच साकवावर एकाच वेळी आल्या म्हणजे रस्त्याची लांबी उपयोगी पडत नाही.

येथे जमीनमालकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. सातबारा माझ्या नावाचा, मग त्यावरचे आकाश कोणाचे? जमिनीचा धनी तो पाताळापासून स्वर्गापर्यंत धनी, असे एक जुने वचन विलायती कायद्यात होते. त्याचा निकाल अमेरिकेत एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या खटल्यात लागला. नॉर्थ कॅरोलिना प्रांतात ग्रीन्सबरोजवळ थॉमस कॉस्बी याची वाडी होती. महायुद्धाच्या काळात शेजारच्या धावपट्टीवर लष्करी विमाने तिच्यावरून अवघ्या ८३ फुटांवरून उतरू लागली. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून सुमारे दीडशे मेल्या व त्याचा धंदा बसला. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचे काही काही मान्य केले. आकाश अनंतापर्यंत जमीनमालकाचे, हे वचन विमानाच्या युगात चालणार नाही. तथापि जमिनीलगतच्या हवेचा उपभोग घेतल्यावाचून जमिनीचाच उपभोग घेता येत नाही, सबब तेवढ्या भागावर त्याचा हक्क आहे आणि त्याची भरपाई त्यास मिळाली पाहिजे. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यात असे कलम होते की, वारा, हवामान इत्यादी लक्षात घेता वाजवी अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ तेवढ्यावरून जमीनमालकास दावा लावता येणार नाही. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. तात्पर्य, आकाश हे पुष्कळसे सामायिक आहे. गडग्याने ते वाटून घेता येत नाही. कोकणातील आमचे तुकडे तर इतके लहान की, एका कुणग्यावर वळण घेतलेले यंत्र दुसऱ्याच्या मेरेवरून गेल्यावाचून राहतच नाही. तेव्हा 'माझ्यावरून जाऊ नको' हा मार्ग सोडून 'कसा व केव्हा जाशील' हे ठरविण्याचा मार्ग धरला पाहिजे.

सरकारने ठरविलेला भाग प्रथम सांगतो. २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम जाहीर झाले व त्यानंतर महिन्याभराने देशाचा हवाई नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे केले आहेत. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणास निराळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी पाहिजे. तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. चालत्या विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किलोमीटरपर्यंत २०० फुटांच्या, म्हणजे ६० मीटरच्या, खाली हिरवा व वर पिवळा.

ही अंतरे मनास येईल तशी घेतलेली नाहीत. उतरणारे विमान सामान्यतः तीन अंशांच्या उताराने खाली येते. ह्या उताराने धावपट्टीपासून दर किलोमीटरास सुमारे ५२ मीटर उंची धरावी. म्हणजे ५ किलोमीटरवर विमान सुमारे २६० मीटर, ८ किलोमीटरवर सुमारे ४२० मीटर आणि १२ किलोमीटरवर ६०० मीटरांहून थोडे अधिक उंच असते. त्याखाली पुरेशी पोकळी राखूनच ड्रोनची मर्यादा घातली आहे, हे ध्यानात येईल.

रेडीच्या दोन्ही अंगांस आज विमानतळ आहेत. परुळे-चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडला. तो रेडीहून सरळ रेषेने सुमारे ३० किलोमीटर. गोव्यातील मोपा येथील विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तो सुमारे २० किलोमीटर, जवळजवळ नीट पूर्वेस. ह्या अंतरांवरून पाहता रेडी दोहोंच्या बारा किलोमीटरांच्या रेषेबाहेर पडते, आणि मोपास उतरणारे विमान येथून गेलेच तर वरील हिशेबाने हजार मीटरांच्या आसपास असावयाचे. मोपाची धावपट्टी सड्यावर आहे, ती उंची निराळीच. परंतु रेडीहून आरोंदा, सातार्डा अशा बाजूस जसजसे जावे तसतसे हे अंतर झपाट्याने कमी होते. भाड्याचे यंत्र आज रेडीत, उद्या सातार्ड्यात, परवा म्हापणात असे फिरते. त्याच्या चालकाने रेडीची सवलत सोबत घेऊन जाऊ नये. ठिकाण बदलले की डिजिटल स्काय ह्या सरकारी स्थळावरचा नकाशा नव्याने पाहावा, आणि नकाशाने जे सांगितले तेच खरे मानावे. आम्ही दिलेली अंतरे कल्पना यावी एवढ्यापुरतीच आहेत.

आणखी एक गोष्ट खास रेडीकरांची. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र व गोवा यांची सीमा, असे आपण सहज म्हणतो. परंतु तेरेखोलचा किल्ला व गाव नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे रेडीच्याच बाजूस असून गोव्यात मोडतात. ड्रोनचे नियम केंद्राचे असल्याने दोन्हीकडे एकच आहेत. पण मोठा समारंभ, मान्यवरांची भेट किंवा बंदोबस्ताचे कारण असेल, तर पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास एखादी जागा एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरती तांबडी ठरविता येते. हा हुकूम जिल्ह्यापुरता असतो. सबब ज्याची बाग तेरेखोलच्या हद्दीस लागून आहे त्याने सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा अशा दोन्ही जिल्ह्यांची खबर घेतली पाहिजे. एकीकडचे कानावर आले म्हणून दुसरीकडचे येईलच असे नाही.

एवढ्यावरून वाचकांचा समज होईल की, १२० मीटरांच्या खाली राहिले म्हणजे माणसे बसलेल्या विमानाची भीती संपली. तसे नाही. प्रवासी विमान उंचावरून जाते हे खरे. परंतु समुद्रात होडी उलटली, कोणी बेपत्ता झाले, वादळ झाले, म्हणजे हेलिकॉप्टर येते ते झाडांच्या माथ्याशी येते व पूर्वसूचनेवाचून येते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने आपल्या जिल्ह्यातील माड-आंब्यांचे काय केले ते कोणी विसरलेले नाही. अशा दिवशी आपल्या बागेची हानी वरून पाहावी असे बागाइतदारास वाटणे साहजिक. पण नेमक्या त्याच दिवशी खालचे आकाश मदतीसाठी मोकळे पाहिजे असते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे मोठे वणवे पेटले होते. समुद्राचे पाणी भरून आगीवर टाकणारे एक मोठे विमान ९ जानेवारी रोजी एका हौशी माणसाच्या लहानशा ड्रोनवर आदळले. पंखास भोक पडले, आणि विमान सुखरूप उतरले तरी दुरुस्तीकरिता ऐन आगीत कित्येक दिवस अडकून पडले. त्या माणसाने आगीचे दृश्य पाहण्याकरिता आपले यंत्र अडीच किलोमीटरांहून दूर नेले होते आणि ते त्याच्या नजरेआड झाले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्या नियमांतही माणसे असलेल्या विमानाचा मार्गाचा हक्क पहिला मानला असून ड्रोनने त्यापासून दूरच राहावे असे स्पष्ट सांगितले आहे. ह्याचा व्यवहारातील अर्थ एवढाच की, हेलिकॉप्टरचा आवाज कानी आला की ते कोठे आहे याचा शोध करीत न बसता आपले यंत्र लागलीच खाली घ्यावे. टाकीत औषध उरले असले तरी घ्यावे. कानावर विश्वास अधिक ठेवावा. डोंगराआडून येणारे हेलिकॉप्टर दिसण्यापूर्वी ऐकू येते. पण फवारणीच्या ड्रोनचा स्वतःचाच आवाज मोठा असतो, म्हणून चालकापासून काही अंतरावर एक शहाणा सोबती उभा करावा व त्याच्या हाती शिट्टी द्यावी. चालकाची दृष्टी यंत्रावर, सोबत्याची आकाशावर.

आता आम्ही ज्यास सर्वांत अधिक महत्त्व देतो त्या मुद्द्याकडे येतो. तो उंचीचा. घाटावरील सपाट मुलखात ह्याची तितकी अडचण येत नाही. कोकणात मात्र येथेच घात होतो. ड्रोनच्या पडद्यावर जी उंची दिसते ती सामान्यतः तो जेथून उडाला त्या जागेपासूनची असते, त्याच्या खाली ह्या क्षणी जी जमीन आहे तिच्यापासूनची नव्हे. नियमातील १२० मीटर मात्र खालच्या जमिनीपासून मोजावयाचे आहेत. समजा, सड्याची कड खालच्या मळ्यापासून ७० मीटर उंच आहे. सड्यावरून उडविलेला ड्रोन पडद्यावर ६० मीटर दाखवीत असता कडेच्या बाहेर गेला. चालकास वाटते आपण मर्यादेच्या निम्म्यावर आहोत. परंतु मळ्यातून पाहणारास तो १३० मीटरांवर आहे, आणि नियम मोडला गेला आहे. उलट, आगरातून ३० मीटर उंचीने निघालेला ड्रोन काजूच्या उताराकडे सरळ नेला तर जमीनच त्याच्याकडे वर चढत येते व तो कलमाच्या शेंड्यात अडकतो. पिकाची उंची आपोआप राखणारे साधन पुष्कळ फवारणी यंत्रांत असते. ते समोरच्या उभ्या कातळास व विजेच्या तारेस तितकेसे ओळखत नाही, हे लक्षात असू द्यावे.

ही एकाच यंत्राची गोष्ट झाली. दोन यंत्रे आली म्हणजे घोटाळा दुप्पट होतो. सडा आगरापासून ६० मीटर उंच धरा. आगरातील चालक म्हणतो, मी ८० मीटरांवर आहे. सड्यावरील चालक म्हणतो, मी २० मीटरांवर आहे. दोघे दूरध्वनीवरून बोलले आणि साठ मीटरांचे अंतर आहे म्हणून निश्चिंत झाले. वस्तुतः दोन्ही यंत्रे अगदी एकाच पातळीत आहेत! दोघेही खरे बोलले, दोघेही सावध होते, आणि तरीही टक्कर होऊ शकते. म्हणून आम्ही असे सुचवितो की, गावाने उंचीचे एकच मूळ ठरवावे. किनाऱ्यावरील गावास ते आयतेच मिळालेले आहे. समुद्राच्या भरतीची रेघ शून्य मानावी. उड्डाणाच्या नेहमीच्या जागा, म्हणजे सड्यावरची मोकळी जागा, मळ्याचे खळे, आगराचा कोपरा, ह्यांची उंची एकदा मोजवून घेऊन तेथे दगडावर चुन्याने लिहून ठेवावी. कोणीही आपली उंची सांगताना दगडावरचा आकडा व पडद्यावरचा आकडा यांची बेरीज सांगावी. सड्यावरचा म्हणेल ६० अधिक २०, आगरातला म्हणेल शून्य अधिक ८०, आणि दोघांच्याही ताबडतोब ध्यानात येईल.

टक्कर झाली तर काय होते तेही सांगितले पाहिजे. पडणारे यंत्र ३० मीटरांवरून जमिनीवर यावयास अडीच सेकंद लागतात, आणि हवेचा विरोध सोडला तर पोहोचताना त्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरांहून अधिक असतो. वीस किलो वजन ह्या वेगाने रापण ओढणाऱ्या माणसांत पडले तर काय, ह्याची कल्पना ज्याने त्याने करावी. दोन यंत्रे समोरासमोर येत असली तर अवधीही फार थोडा मिळतो. एकाचा वेग सेकंदास ५ मीटर व दुसऱ्याचा १५ मीटर धरला तर दोनशे मीटरांचे अंतर दहा सेकंदांत संपते. आणि निळ्या आकाशात हातभर वस्तू दोनशे मीटरांवर पुढे आहे की मागे, हे मनुष्याच्या डोळ्यास कळत नाही. म्हणून 'समोर दिसला की चुकवू' ह्या भरवशावर राहू नये. चुकविण्याची व्यवस्था जमिनीवर, उड्डाणापूर्वी, झाली पाहिजे.

हेच तत्त्व जगात ह्या विषयाचा अभ्यास करणारांनी स्वीकारले आहे. विमानांचा नियंत्रक रडारवर पाहतो व तोंडाने सूचना देतो. पण डोंगराआड झाडांच्या उंचीने फिरणारे लहान यंत्र रडारास दिसत नाही, आणि शेकडो यंत्रांशी बोलणे कोणा माणसास शक्य नाही. सबब अमेरिकेच्या नासा संस्थेने निराळी पद्धत बसविली व तिची पहिली परीक्षा २०१५ मध्ये घेतली. ती पद्धत थोडक्यात अशी की, प्रत्येकाने उड्डाणापूर्वी कोठून कोठपर्यंत, किती उंचीने व कोणत्या वेळात आपण असू, हे कळवावे. म्हणजे आकाशातील जागेची व वेळेची जणू एक पेटीच तो मागून घेतो. संगणक ती पेटी आधी दिलेल्या पेट्यांशी ताडून पाहतो. एकमेकींत शिरत असतील तर मागून आलेल्यास वेळ किंवा वाट बदलावयास सांगतो. शेतकऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या पहिल्या परीक्षेतील कामे शहरांतील नव्हती; शेती, वणवे विझविणे आणि तारांची व नळांची पाहणी अशी विरळ वस्तीतील कामेच प्रथम निवडली होती. शहराची पाळी २०१९ मध्ये आली. युरोपात ह्याच धर्तीचे नियम जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यांत प्रत्येक यंत्राची ओळख, बंदी असलेल्या जागांची माहिती, उड्डाणाची मंजुरी व आसपासच्या रहदारीची खबर अशा चार सेवा आवश्यक धरल्या आहेत. आपल्या केंद्र सरकारनेही ड्रोनच्या रहदारीचा राष्ट्रीय आराखडा २४ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध केला असून त्यात ही सेवा यंत्रांच्या साह्याने चालविण्याचे धोरण सांगितले आहे.

आराखडा गावोगाव पोहोचेपर्यंत मात्र थांबण्याचे कारण नाही. वर वर्णन केलेल्या पद्धतीतून संगणक काढून टाकला तर उरते काय? पाळी! पाटाच्या पाण्याची पाळी आमच्या वाडवडिलांनी कोणत्याही संगणकावाचून चालविली. पाणी एक, मळे अनेक, वेळ थोडा. तेव्हा कोणी कोणत्या घटकेस बांध फोडावा हे ठरलेले असे आणि ते मोडणारास गाव जाब विचारी. सकाळच्या दोन तासांच्या आकाशाची स्थिती तशीच आहे.

ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या कचेरीत एक वही ठेवावी. ज्यास उद्या उडवावयाचे त्याने आदल्या सायंकाळी तीत वाडीचे नाव, उड्डाणाची जागा, भरतीच्या रेघेपासूनची कमाल उंची, आरंभ व शेवट, आणि चालकाचा दूरध्वनी लिहावा. एका वाडीत एका वेळी एकच यंत्र. दोघांस तीच वेळ हवी असेल तर ज्याचे काम वाऱ्यावर अवलंबून आहे त्यास पहाटेची पाळी द्यावी, म्हणजे फवारणीवाला आधी, चित्रे घेणारा मागून. ऊन चढल्यावरही चित्र निघते, औषध मात्र खाऱ्या वाऱ्यात मारता येत नाही. फवारणीचे यंत्र पिकाच्या माथ्यालगतच राहावे व शेतांतून शेतात जाताना दहा मीटरांहून वर चढू नये. मोजणीचे व चित्रांचे यंत्र त्याच जमिनीवर चाळीस मीटरांच्या खाली येऊ नये. मधली पोकळी कोणाचीच नाही, ती चुकीस राखून ठेवावी. वस्ती, शाळा, होड्या लागण्याची वाळू व रापणीची जागा ह्यांवरून भरलेले यंत्र नेण्याची वाटच आखू नये; दोनशे मीटरांचा वळसा पडला तर पडू द्यावा. कोळी बांधवांस ह्या ठरावाच्या सभेस बोलाविलेच पाहिजे. त्यांची वेळ भरती-ओहोटीवर चालते, आमची घड्याळावर, आणि त्यांस न विचारता केलेली पाळी आठ दिवसही टिकणार नाही. मत्स्यव्यवसाय खाते व मोजणी खाते ह्यांस गावाची पाळी बंधनकारक नाही हे खरे. तथापि वहीची खबर त्यांस कळविली आणि त्यांची मागितली तर ती नाकारण्याचे त्यांस कारण दिसत नाही. प्रवाशाकरिता यशवंतगडाच्या पायथ्याशी व किनाऱ्याच्या वाटेवर एक फलक लावून त्यावर वही कोठे आहे एवढे लिहावे. तो मुद्दाम त्रास द्यावयास आलेला नसतो.

खाणीच्या बाजूस आणखी एक सावधगिरी. ड्रोनमध्ये होकायंत्र असते व ते लोखंडाने बिथरते. मालमोटार, पत्र्याची शेड, खनिजाचे ढीग, ह्यांच्या शेजारी ते जुळवू नये व तेथून उडवूही नये. मोकळ्या जागी येऊन जुळवावे. उपग्रहांचा संकेत डोंगराच्या कुशीत तुटतो, आणि तो तुटला म्हणजे कित्येक यंत्रे वाऱ्याबरोबर वाहू लागतात. संपर्क तुटल्यास स्वतः परत येण्याची उंची कोणती ठेवली आहे हे प्रत्येक उड्डाणापूर्वी पाहावे. ती समोरच्या माडांहून कमी असेल तर परत येणारे यंत्र माडातच शिरणार.

राहिली कागदपत्रे. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राखेरीज बाकी सर्वांस अपघातात तिऱ्हाइतास होणाऱ्या नुकसानीचा विमा पाहिजे. यंत्राचा ओळख क्रमांक सरकारी स्थळावरून घ्यावा लागतो. फवारणी यंत्राच्या चालकाजवळ मान्य शिक्षणसंस्थेचे प्रमाणपत्र पाहिजे; त्यास १८ ते ६५ वर्षे वय व दहावी उत्तीर्ण ही अट आहे. भाड्याने यंत्र बोलाविणाराने हे तीनही कागद प्रत्यक्ष पाहावेत. 'आहेत, घरी राहिले' ह्या उत्तरावर पुढे जाऊ नये. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाल्यास चालकाने ४८ तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालकांस सरकारी स्थळावरून कळविले पाहिजे. त्या वेळी कोण, कोठे, किती उंचीवर होते हा पहिला प्रश्न निघतो, आणि गावाच्या वहीतील त्या दिवसाचे पान त्याचे उत्तर देते. म्हणून ही वही शाईने लिहावी, पानांस क्रमांक घालावेत, आणि एखादी पाळी रद्द झाली तर ती खोडून न टाकता शेजारी 'उडविले नाही' असे लिहावे.